पायाची जुनी हाडं अभ्यासायची तर सुरुवात कुठून करायची: इनामगाव समोर ठेवून

इनामगावच्या उत्खननात मिळालेल्या प्रौढ माणसांच्या सांगाड्यांना बहुतेक ठिकाणी पावलंच नाहीत. घोट्याखालून तोडलेली. हे पहिल्यांदा ऐकलं की सगळे लगेच "का तोडली?" वर उडी मारतात, आणि इथेच नवशिका फसतो, कारण त्याच्या आधी "खरंच तोडली का?" हा प्रश्न असतो आणि तो हाडाकडे आणि मातीकडे बघून सोडवायचा असतो. हा लेख त्यासाठीच आहे. एमएच्या पहिल्या सेमिस्टरला असाल, उत्खननावर व्हॉलंटियर म्हणून जाणार असाल, किंवा मेडिकलवाले असाल आणि पुरातत्त्वाची आवड असेल, तर उपयोगी पडेल.

थोडी पार्श्वभूमी. इनामगाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. 1968 ते 1983 अशी वर्षानुवर्षं पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे खोदकाम केलं, सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. ताम्रपाषाण काळातली, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरायच्या काळातली शेतकऱ्यांची वस्ती, ढोबळमानाने इसवी सनपूर्व 1600 ते 700. माळवा, मग आधीचा जोर्वे आणि मग उत्तर (म्हणजे नंतरचा) जोर्वे असे तिथल्या संस्कृतीचे तीन टप्पे. दफनं दोनशेच्या वर मिळाली, त्यातली बरीचशी लहान मुलांची. मुलांना दोन रांजणांत ठेवायचे, तोंडाला तोंड लावून आडवे, आणि ते घराच्या जमिनीखाली. मोठी माणसं खड्ड्यात उताणी, डोकं उत्तरेला. या सांगाड्यांवर हाडांचे अभ्यासक जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी सविस्तर काम केलंय, त्यामुळे शिकायला आपल्या भाषेतल्या प्रदेशात याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी दिसत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेत, किंवा विहिरीच्या खोदकामात हाडं दिसली तर उचलायची नाहीत, साफ करायची नाहीत, घरी तर अजिबातच न्यायची नाहीत. हाडं ताजी की जुनी हे फोटोवरून ठरत नाही, त्यामुळे पहिला फोन पोलीस पाटलाला किंवा पोलिसांना, जुनी निघाली तर पुढे पुरातत्त्व खात्याचं काम. खोदकामाला परवाना लागतो आणि तो तुमच्याकडे नसतो. पुढे जे लिहिलंय ते परवानगी असलेल्या साइटवर किंवा लॅबमध्ये कोणाच्या तरी हाताखाली करायचं आहे.

पहिलं काम: आजच्या माणसाचं हाड पाठ करा

जुन्या हाडाला हात लावायच्या आधी नवं हाड डोळे मिटून ओळखता आलं पाहिजे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या कुणाकडे तरी बोन सेट असतो, तो आठवडाभर मागून घ्या, नाहीतर प्लॅस्टिकचा सांगाडाही चालेल, फक्त प्लॅस्टिकवर बारीक खुणा नीट उमटलेल्या नसतात. एका पायाला चार हाडं लक्षात ठेवा, पाऊल सोडून: मांडीचं फीमर, नडगीचं टिबिया, तिच्या बाहेरच्या बाजूचं बारीक फिब्युला, आणि गुडघ्याची वाटी म्हणजे पटेला.

डावं-उजवं कसं ओळखायचं? फीमरचा गोळा वर आणि आतल्या बाजूला, म्हणजे खुब्याकडे, आणि दांड्यावरची खरबरीत उभी रेघ मागच्या बाजूला. हे दोन पकडले की बाजू आपोआप कळते. टिबियाला पुढे गुडघ्याखाली उंचवटा, आणि घोट्याचं आतलं हाड आत. फिब्युला सगळ्यांना छळते. खालच्या टोकाला आतल्या अंगाला सांध्याचा गुळगुळीत पृष्ठभाग असतो आणि त्याच्या मागे एक खळगा, तो खळगा मागे धरायचा. वाटीची युक्ती जुनी आहे आणि मस्त चालते, टेबलावर सांध्याची बाजू खाली करून ठेवा, टोक तुमच्यापासून लांब, मग वाटी ज्या बाजूला कलंडेल त्या बाजूची ती, कारण बाहेरचा पृष्ठभाग मोठा असतो.

पण उत्खननात पूर्ण हाड मिळतं कुठे, मिळतात ते दांड्याचे तुकडे. तिथे छेद बघायचा. फीमर गोलसर आणि मागे कणा उमटलेला, टिबिया त्रिकोणी, फिब्युला वेडीवाकडी आणि पन्हळ पडलेली. दांड्यात रक्तवाहिनीचं एक छोटं भोक असतं आणि ते तिरपं आत शिरतं, पायात त्याचा रोख गुडघ्यापासून लांब असतो, म्हणजे फीमरमध्ये वर, टिबियात खाली. दोन्ही टोकं गेलेला तुकडा असला तरी यावरून वरची बाजू कोणती ते सांगता येतं. इंग्लंडमधल्या बॉक्सग्रोव्हला 1993 साली जी पाच लाख वर्षं जुनी टिबिया मिळाली तिचीही टोकं नव्हती, मांसाहारी जनावराने चावलेली, नुसता दांडा, आणि तेवढ्यावरून तो माणूस किती दणकट होता यावर लोक अजून लिहितायत. त्यामुळे तुकड्याला नाक मुरडायचं नाही.

आणि हो, गाई-बैल, शेळी-मेंढी, हरीण, यांची हाडं वस्तीच्या साइटवर माणसापेक्षा कितीतरी जास्त मिळतात. जनावराचं फीमर आखूड, जाड असतं, आणि मागची ती खरबरीत रेघ माणसासारखी उठून दिसत नाही. शंका असेल तर "माणूस?" असं प्रश्नचिन्ह टाकून बाजूला ठेवा, नंतर बघता येतं.

दुसरं: जमिनीत असतानाच मोजा

हे मी ओरडून सांगेन. सांगाडा खड्ड्यात असतानाच फीमर आणि टिबियाची लांबी मोजून घ्या, फोटो काढा, स्केल आणि उत्तरेचा बाण ठेवून, मगच उचलायचा विचार. दख्खनची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, तीन हजार वर्षं हा उद्योग चालू असतो, त्यात हाडाचे आधीच दहा तुकडे झालेले असतात, फक्त मातीने ते एकत्र धरून ठेवलेले असतात. माती काढली की गेलं. उचलताना जे अखंड दिसत होतं ते ट्रेमध्ये पोचेपर्यंत भुगा होतं, हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं, म्हणून जागेवरचं माप हेच कधीकधी शेवटचं माप असतं. ते "जागेवर मोजलं" असं लिहून वेगळं ठेवायचं, लॅबमधल्या मापात मिसळायचं नाही.

साफ करायला मऊ ब्रश आणि बांबूची काडी. लोखंडी टोकदार काहीही नको, कारण त्याने पडलेला ओरखडा नंतर कुणीतरी "कापल्याची खूण" म्हणून छापेल. हाडावर चुनखडीचा पांढरा कडक थर बसलेला असतो, तो काढायला व्हिनेगर किंवा ॲसिड वापरा असं कुणी सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा, हाडात स्वतःतच कॅल्शियम आहे हो. पाण्याने धुणंही शक्यतो टाळा. सावलीत वाळवा, उन्हात नाही. फारच भुसभुशीत असेल तर ॲसिटोनमध्ये पातळ केलेलं पॅरलॉइड बी-72 हे हाड घट्ट करणारं रसायन लावतात, पण त्याआधी डीएनए किंवा आयसोटोपसाठी (खाण्यापिण्याचा माग काढणारी तपासणी) नमुना हवा असेल तर तो भाग कोरा ठेवायचा, रसायन लागलं की तो नमुना बिघडला. आपल्या उष्ण हवेत हाडातलं प्रथिन टिकण्याचं प्रमाण तसंही कमी, जे उरलंय ते आपण बिघडवू नये. फेव्हिकॉल हा शब्द लॅबमध्ये काढूही नका.

चिठ्ठी दोन ठिकाणी: पिशवीवर आणि पिशवीच्या आत. ओली हाडं प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली की बुरशी.

तिसरं: बघा. नुसतं बघा

सगळ्यांना व्हर्निअर, म्हणजे मोजायचा कॅलिपर, हातात घ्यायची घाई असते. थांबा. आधी हाड तिरप्या उजेडात धरा, टेबल लॅम्प बाजूने लावा, आणि जमिनीत असताना त्याचं काय झालं ते वाचा. मुळांनी खाल्लेल्या नागमोडी रेघा, उंदराने कुरतडलेल्या समांतर जोड-रेघा, पाण्याने घासलेल्या गोल कडा, उन्हात पडून राहिल्याने उडालेले पापुद्रे. मग तुटलेली कड बघा. कडेचा रंग बाकी हाडापेक्षा फिकट असेल तर ती तूट आपलीच, खोदताना किंवा पेटी आपटल्यावर झालेली. कड बाकीच्या हाडासारखीच काळपट आणि तिरपी-गुळगुळीत असेल तर हाड ओलं असताना, म्हणजे मरणाच्या आसपास तुटलं असण्याची शक्यता. कड काळपट पण खडबडीत आणि काटकोनात असेल तर हाड वाळल्यावर, जमिनीत, मातीच्या दाबाने. हे तिन्ही फरक ओळखायला सराव लागतो, पण मटणाच्या दुकानातलं ताजं हाड आणि परसात वर्षभर पडलेलं हाड दोन्ही तोडून बघितलंत तर एका संध्याकाळी कळून जातं.

आता इनामगावच्या पावलांकडे येऊ, कारण हा सगळा प्रकार तिथे कसाला लागतो.

समजा तुमच्या समोर उताणा सांगाडा आहे, नडग्या दिसतायत आणि पुढे पावलं नाहीत. शक्यता काय काय? एक, पावलं तोडून पुरलं. दोन, पावलं होती पण पावलाची हाडं लहान, ती कुजली किंवा चाळणीतून निसटली. तीन, नंतरच्या लोकांनी खड्डा खणताना थडग्याचं तेवढंच टोक कापलं. चार, घूस-उंदरांनी पांगवलं. बघायचं असं. दोन्ही पायांना सारखंच झालंय का? कुजायचं असतं तर टाचेचं हाड आणि त्याच्या वरचं, घोट्याच्या सांध्यातलं टॅलस ही बऱ्यापैकी दणकट हाडं, ती कुठेतरी सापडायला हवीत, निदान त्यांचा चुरा तरी. मग थडग्याचा खड्डा कुठे संपतो? हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि हाच लोक विसरतात. खड्ड्याची कड जर नडगीच्या टोकाशीच येत असेल, म्हणजे पावलांसाठी जागाच नसेल, आणि ती कड नंतरच्या खड्ड्याची नसून मूळचीच आहे हे सेक्शनमध्ये, म्हणजे मातीच्या उभ्या छेदात, दिसत असेल, तर पुरताना पावलं नव्हतीच. हे हाडाने नाही, मातीने सांगितलं. म्हणून हाडं बघणाऱ्याने ट्रेंचवर, खोदकाम चालू असलेल्या चरापाशी, असायला पाहिजे, पेटीतून हाडं आली की हा पुरावा कायमचा गेलेला असतो.

त्यानंतर टिबिया-फिब्युलाची खालची टोकं. भिंग घ्या. कापल्याची खूण इंग्रजी व्ही अक्षरासारखी, सरळ, आणि तिच्या आतला रंग बाहेरच्या हाडासारखाच पाहिजे. घाव घातला असेल तर एका बाजूला गुळगुळीत कट आणि दुसऱ्या बाजूला ढलपा निघालेला. पण नीट सांध्यातून सोडवलं असेल तर खूण अगदीच बारीक असेल, घोट्याच्या आतल्या हाडाच्या टोकाला एखादी रेघ, किंवा काहीच नाही. म्हणजे खूण नाही म्हणून तोडलं नाही असं म्हणता येत नाही, आणि टोक गेलंय म्हणून तोडलं असंही नाही, कारण टिबियाचं खालचं टोक आतून जाळीदार असतं आणि आपोआपही झिजून जातं.

हे सगळं झाल्यावर "का". नेहमीचं उत्तर तुम्ही ऐकलं असेल, मेलेला माणूस भूत होऊन निघून जाऊ नये म्हणून. खुद्द उत्खनन करणाऱ्यांनीच सुचवलेला अर्थ आहे आणि मला तो पटण्यासारखा वाटतो, पण तो हाडावर लिहिलेला नाही. रिपोर्टमध्ये तो शेवटच्या परिच्छेदात जायला हवा. शिवाय इनामगावलाच अपवाद आहे. वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पाय असलेल्या मोठ्या मातीच्या रांजणात एक पुरुष मांडी घालून बसवलेला मिळाला, आणि त्याची पावलं जागच्या जागी. त्याच घरात धान्याचं कोठार होतं, त्यामुळे तो गावचा प्रमुख असावा असं मानतात. तर नियम सगळ्यांना सारखा नव्हता, एवढं हाडांवरून ठामपणे म्हणता येतं, आणि तेवढंही खूप आहे.

चौथं: किती माणसं, किती वयाची

पेटीत हाडं मिसळलेली असतील तर एकच हाड, एकच बाजू, एकच भाग मोजायचा. उजव्या फीमरची तीन वरची टोकं म्हणजे किमान तीन माणसं. किमान. तीनच असं नाही.

वयासाठी हाडाची टोकं बघायची, ती दांड्याला जुळली आहेत का. टिबियाचं घोट्याकडचं टोक आधी जुळतं, गुडघ्याजवळची टोकं उशिरा, मुलींमध्ये ढोबळमानाने 14 ते 18 आणि मुलांमध्ये 16 ते 20 च्या दरम्यान, म्हणजे मुली दोनएक वर्षं पुढे. फीमरचा गोळाही याच सुमाराला. जुळलेली रेघ अजून दिसत असेल तर नुकताच मोठा झालेला. सगळं जुळून गेलं की पायाच्या हाडावरून "प्रौढ" एवढंच म्हणायचं, पुढचं वय कंबरेच्या हाडावरून काढतात. गुडघ्याची झीज बघून 45 वर्षं असं लिहून टाकणारे भेटतील. नका लिहू.

लहान मुलांचं मात्र उलट आहे, त्यांच्यात फीमरची लांबी वयाबद्दल बरंच बोलते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या फीमरचा दांडा साधारण साडेसात सेंटिमीटर असतो. रांजणातलं बाळ जन्माच्या आसपास गेलं की काही महिन्यांनी, हे यावरून बघतात. पण दातांवरून काढलेलं वय आणि फीमरवरून काढलेलं वय दोन्ही असेल तर जास्त मजा, कारण दात उपासमारीतही जवळपास वेळेवर वाढतात आणि हाड मागे पडतं. दोन्हींत फरक पडला तर ते मूल खुरटलेलं होतं. इनामगावच्या मुलांच्या वाढीवर याच अंगाने काम झालंय, उत्तर जोर्वे काळात हवा कोरडी झाली, शेती मागे पडली, त्याचा मुलांच्या अंगावर काय परिणाम झाला ते बघायला.

पाचवं: आता मोजा

ऑस्टिओमेट्रिक बोर्ड (हाडाची लांबी मोजायची फळी), सरकता कॅलिपर, शिंप्याची मऊ टेप. फीमरच्या दोन लांब्या असतात, एक जास्तीत जास्त, हाड हलवत हलवत सगळ्यात मोठा आकडा येईल ती, आणि दुसरी गुडघ्याकडचे दोन्ही उंचवटे बोर्डाच्या फळीला टेकवून घेतलेली. माणसाचं फीमर आत झुकलेलं असतं म्हणून दुसरी काही मिलिमीटर कमी भरते. कोणती घेतली ते लिहा, नुसतं "लांबी" लिहिलेला तक्ता कुणाच्याच कामाचा नाही.

मग गोळ्याचा उभा व्यास, दांड्याच्या मधोमध पुढे-मागे आणि आडवी जाडी, मानेच्या खाली तीच दोन मापं, आणि टिबियात त्या रक्तवाहिनीच्या भोकाच्या पातळीवर दोन्ही मापं. प्रत्येक माप घ्या, कागद उलटा करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. दोन्हींत मिलिमीटरभरापेक्षा जास्त फरक येत असेल तर अजून हात बसलेला नाही.

दोन निर्देशांक तरी शिका. फीमरच्या मानेखाली पुढे-मागे 24 मिमी आणि आडवं 31 मिमी असेल तर 24 ला 31 ने भागून शंभरने गुणा, 77.4. हे 85 च्या खाली असेल तर तिथे दांडा चपटा. टिबियात उलट भागायचं, आडवं भागिले पुढे-मागे: 20 आणि 33 असेल तर 60.6, आणि 63 च्या खाली म्हणजे बाजूने चपटी, तलवारीसारखी नडगी. चपट्या नडग्या जुन्या शिकारी-भटक्या लोकांत बऱ्याच दिसतात. दांड्याच्या मधोमध फीमर पुढे-मागे लांबोडकं असेल तर त्या पायाने भरपूर चालणं-पळणं केलंय असा अर्थ काढतात, स्थिर शेतकऱ्यांत ते गोलसर होत जातं. पण डोंगराळ भाग, अनुवंश, अंगकाठी हे सगळं त्यात मिसळलेलं असतं, म्हणून एका हाडावरून "हा मेंढपाळ होता" असं म्हणणं म्हणजे ज्योतिष झालं. हल्ली सीटी स्कॅन करून हाडाच्या भिंतीची जाडी कुठे किती हे मोजतात, ते बाहेरच्या मापापेक्षा कितीतरी भरवशाचं.

गंगेच्या खोऱ्यातल्या मध्याश्मयुगीन, म्हणजे शेतीच्या आधीच्या दगडी हत्यारांच्या काळातल्या साइट्स, सराय नाहर राय, महदहा, दमदमा, यांच्याशी तुलना वाचा. तिथल्या शिकारी-संकलक लोकांवर केनेथ केनेडी, लुकाक्स वगैरेंनी काम केलंय, चांगली उंच आणि हाडापेराने दणकट माणसं. आपल्या ताम्रपाषाण शेतकऱ्यांची पायाची हाडं त्यांच्या शेजारी ठेवली की शेतीमुळे अंगावर काय फरक पडतो हा प्रश्न एकदम जिवंत होतो.

स्त्री की पुरुष? त्यासाठी कटिबंधाचं, म्हणजे कंबरेचं हाड, ते नसेल तर मग फीमरचा गोळा. जुन्या पुस्तकांत 45.5 मिमीच्या वर पुरुष आणि 41.5 च्या खाली स्त्री असं असतं. हे आकडे लंडनच्या जुन्या हाडांवरून आलेत. आपल्याकडची माणसं अंगाने लहान, त्यामुळे ते जसेच्या तसे लावले तर अर्धे बाप्ये बायका होतात. त्याच साइटवरच्या, कटिबंधावरून खात्रीने ओळखलेल्या सांगाड्यांचे गोळे मोजायचे आणि त्यातून स्वतःची सीमा काढायची.

उंचीचं गणित, आणि त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा

उंची सगळ्यांना हवी असते, पत्रकारांना तर सगळ्यात आधी. समजा फीमर 44.2 सेंटिमीटर भरलं. ट्रॉटर आणि ग्लेसर या अमेरिकन संशोधकांची सूत्रं सगळीकडे वापरतात, त्यांतलं गोऱ्या अमेरिकन पुरुषांचं असं आहे: 2.38 गुणिले लांबी अधिक 61.41. उत्तर 166.6 सेंटिमीटर, कमी-जास्त 3.27. आता तेच हाड त्यांच्याच काळ्या अमेरिकन पुरुषांच्या सूत्रात घाला, 2.11 गुणिले लांबी अधिक 70.35, उत्तर 163.6. आणि हे हाड बाईचं आहे असं धरलं तर गोऱ्या स्त्रियांच्या सूत्राने, 2.47 आणि 54.10, उत्तर 163.3. हाड तेच, मिलिमीटरही हललेला नाही, आणि तीन सेंटिमीटरचा फरक. शिवाय यांतलं एकही सूत्र घोडनदीच्या काठच्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांवरून काढलेलं नाही, पुरुषांची तर बरीचशी दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांच्या सांगाड्यांवरून आलीत. मांडी आणि नडगीचं प्रमाण लोकसमूहानुसार बदलतं, उष्ण प्रदेशात नडगी तुलनेने लांब असते, म्हणून फीमरवरून एक उंची येते आणि टिबियावरून दुसरी.

टिबियात अजून एक खड्डा आहे. ट्रॉटरबाईंनी 1952 च्या कामात टिबिया कशी मोजली याबद्दल लिहिलंय एक आणि प्रत्यक्षात केलंय दुसरं, घोट्याचं टोक न धरताच मोजलेलं, हे नव्वदच्या दशकात लक्षात आलं. त्यामुळे टोक धरून मोजलेली टिबिया त्या सूत्रात टाकली तर उंची अडीच-तीन सेंटिमीटर फुगते. जुन्या तक्त्यांत हे किती ठिकाणी घडलं असेल देव जाणे.

मग करायचं काय? मूळ लांबी छापा, कोणतं सूत्र वापरलं ते छापा, कमी-जास्तची मर्यादा छापा, आणि "163 ते 170 च्या दरम्यान" असं लिहा. उद्या कुणाकडे बरं सूत्र आलं तर तुमच्या लांबीवरून ते परत काढता येईल. नुसती उंची छापून ठेवलीत तर नाही येणार.

सहावं: आजार, इजा, बसायची सवय

नडगीची पुढची बाजू चामडीच्या लगेच खाली असते, मार बसतो, संसर्ग होतो, त्यामुळे तिथे नव्या हाडाचा रेघारेघांचा थर बऱ्याचदा दिसतो. तो हाडाच्या पृष्ठभागावर चढलेला असतो, मातीने खरवडलेलं हाड खाली गेलेलं असतं, बोटाने हलकं चाचपलं की फरक कळतो. एका नडगीवर असेल तर बहुधा मार, दोन्हींवर आणि फीमरवरही असेल तर काहीतरी अंगभर पसरलेलं. रोगाचं नाव लिहायची घाई करू नका, आधी नुसतं वर्णन.

भरून आलेलं फ्रॅक्चर म्हणजे गाठ आणि कधीकधी वाकडेपणा. आखूड झालेला पाय असूनही माणूस नंतर वर्षानुवर्षं जगला असेल तर दुसऱ्या पायावर ताण येऊन तो जाड झालेला दिसतो, म्हणून दोन्ही बाजू शेजारी ठेवून बघायच्या. गुडघ्याचा सांधा काचेसारखा चकचकीत झाला असेल तर कूर्चा जाऊन हाडावर हाड घासलंय. एक्स-रे काढला तर टिबियाच्या टोकाजवळ आडव्या पांढऱ्या रेघा दिसू शकतात, वाढ थांबून पुन्हा सुरू झाल्याच्या, पण त्या निरोगी मुलांतही येतात असं दिसून आलंय, म्हणून जपून.

आणि मला सगळ्यात आवडणारी खूण: टिबियाच्या खालच्या कडेला पुढे एक छोटा गुळगुळीत ठसा आणि त्याला जुळणारा टॅलसच्या मानेवर. माणूस वर्षानुवर्षं उकिडवा बसला की पाऊल पूर्ण वर दुमडून ही दोन हाडं एकमेकांना टेकतात. आपल्या आजी-आजोबांच्या हाडांवर नक्की मिळेल. इनामगावात मात्र टॅलसच तोडून नेलेलं, त्यामुळे फक्त टिबियाची कड उरते, आणि तीही टिकली असेल तर.

जुने रिपोर्ट वाचताना

आपल्याकडे हे काम जुनं आहे. गुजरातेत लांघणजला सांकलियांनी चाळीसच्या दशकात जे सांगाडे काढले त्यांच्यावर इरावती कर्वे यांनी काम केलं होतं. ते आणि नंतरचे नेवाशाचे रिपोर्ट वाचाच, पण त्या काळात हाडं मोजायची ती "वंश" ठरवायला, भूमध्यसागरी आणि अमुक-ढमुक अशी लेबलं लावायला. ती लेबलं आता कुणी धरत नाही. मापं मात्र सोन्यासारखी आहेत, कारण त्यातली काही हाडं तेव्हापासून अजून झिजली असतील. मापं उतरवून घ्या, पद्धत कोणती होती ते बघा, निष्कर्ष सोडून द्या.

कुठे शिकायचं म्हणाल तर येरवड्याला डेक्कन कॉलेज आहेच, पुरातत्त्वाचं एमए आहे, म्युझियममध्ये इनामगावच्या वस्तू बघायला मिळतात. सांगाडे हाताळायला रीतसर अर्ज लागतो, आणि अर्जात "मला सांगाडे बघायचे आहेत" असं लिहू नका, कोणतं हाड, कोणतं माप, किती नमुने आणि नमुना तोडणार नाही एवढं एका पानात लिहा. काम झाल्यावर हाडं पेटीत ठेवताना फीमर तळाशी, फिब्युला सगळ्यात वर, मध्ये फोम, आणि मोजताना एखादा तुकडा तुमच्या हातून सुटला असेल तर तो वेगळ्या पुडीत, तारीख घालून.